डावीकडचा उजेड

इसहाक सारंगांना मशीनने वाचायला शिकवलं असं आमच्या वाडीत कुणी म्हणालं, की मी त्याला पडवीतच बसवते आणि सांगते, बाबा, मशीनने वाट दाखवली. चालले ते स्वतःच्या डोक्याने, आणि मागून ढकलायला मी होते. हे ऐकून तो गेला की मी आत जाते आणि खुंटीवरच्या त्या तारांच्या टोपीवरची धूळ पदराने पुसते. कुणी बघत नाही ना, ते आधी बघते. उपकार ते उपकार. माणसाने केले काय नि टोपीने केले काय, फेडता येत नसतील तर त्यांच्यावर निदान धूळ तरी बसू देऊ नये.

मी हलिमा इसहाक बुरोंडकर. मराठी चौथी पास. पाचवीचा वर्ग खाडीपलीकडे होता आणि मुलीला होडीत बसवून शाळेत धाडणं आमच्या बाबांना पसंत नव्हतं. पण घर, आमराई, सुना, जावई हे सगळं मी त्या चौथीच्याच जोरावर चालवलं, आणि अजून कुठे गळती नाही.

आमचे हे जहाजावर सारंग होते. खलाशांवरचा मुकादम, तो सारंग. शाळा उर्दू, तीही सातवीपर्यंत. घरात आमची कोकणी, बाजारात मराठी आणि सकाळी चहाबरोबर मराठी पेपर. उर्दू त्यांनी एकाच कामासाठी जपून ठेवली होती. आमच्याकडे मुलगी सासरी निघते तेव्हा तिच्या नावाची रुखसती वाचतात. निरोपाची कविताच ती. नवऱ्याकडचे सेहरा वाचतात, आम्ही रुखसती. वाडीतल्या पोरींच्या रुखसत्या हेच लिहायचे आणि हेच वाचायचे. हे उभे राहिले की पहिला शब्द यायच्या आधीच बायका पदर शोधायला लागायच्या. आमची नात सदफ, आमच्या मुलाची, मुनाफची मुलगी, आजोबांना दादा म्हणते. लहानपणापासून ह्यांच्या मांडीवर बसून विचारायची, "दादा, माझी रुखसती लिहिलीत?" हे म्हणायचे, "आधी नवरा तरी येऊ दे गो."

नवरा आला. लग्न आंब्याचा हंगाम संपल्यावर करायचं ठरलं. आणि एका सकाळी पडवीत पेपर वाचता वाचता ह्यांनी मला हाक मारली, "हलिमा, ह्या पेपराची उजवी बाजू कुणी पुसली गो?"

ह्यांच्या तोंडचं ते शेवटचं सरळ वाक्य. मी बाहेर येईपर्यंत हे खुर्चीवरून घसरले होते.

दवाखान्याची बोट वेळेत आली, शहरातल्या डॉक्टरांनी मेंदूतली रक्ताची गाठ काढली, अल्लाने जीव राखला. उजवा हात ढिला पडला तो हळूहळू उचलायला लागला. पण शब्द गेले ते गेलेच. पाणी हवं असलं की हे म्हणायचे "ते… ते… तिकडचं", आणि मी तांब्यापासून चपलेपर्यंत एकेक वस्तू पुढे करायची. गंमत म्हणजे मांजराने दूध सांडलं त्या दिवशी जहाजावरची एक अशी शिवी ह्यांच्या तोंडून अख्खीच्या अख्खी बाहेर पडली, की धाकटी सून स्वयंपाकघरात पळाली. मी म्हटलं, पाणी मागता येत नाही आणि हे बरं येतं!

वाचायचं तर नावच नको. पेपर पुढे धरला की उलथापालथा करून बघत आणि बाजूला ठेवत. मग सकाळचा पेपर मी वाचून दाखवायला लागले. माझं वाचन म्हणजे खडकातून होडी काढणं. जोडाक्षराचा खडक आला की मी "कायतरी" म्हणून वळसा घालायची. "सरकारने कायतरी योजनेला कायतरी दिली." हे ऐकायचे आणि माझ्याकडे असे बघायचे, की वाटायचं, ह्या माणसाला आत सगळं कळतंय. फक्त दार लागलंय.

त्याच दिवसांत तालुक्याच्या दवाखान्यात नीलाक्षी वानखडे आली. वाचाघात झालेल्या माणसांना बोलायला-वाचायला शिकवणारी. अमरावतीकडची पोर, "कायले" आणि "बाप्पा" बोलणारी, मासळीच्या वासाने नाक दाबणारी. पहिल्या दिवशी तिने माझ्या हातचं बोंबलाचं कालवण नको म्हटलं, तेव्हाच मी तिच्याविषयी मत करून टाकलं होतं. ते मत पुढे मला मोडून खावं लागलं.

तिच्या पेटीत एक चष्मा होता आणि एक जाळीची टोपी. ती म्हणाली, "आजी, आजोबांचे डोळे चांगले आहेत. मेंदूच्या डाव्या भागातली जी जागा सुकली, तिथे दोन कामं चालायची. एक, उजवीकडचं बघणं. दुसरं, अक्षर पाहून त्याचा आवाज काढणं आणि आवाजावरून अर्थ गाठणं. हा चष्मा त्यांची नजर कुठल्या अक्षरावर आहे ते टिपतो. टोपी मेंदूतली हालचाल ऐकते. अक्षर, आवाज, अर्थ हे तिन्ही जुळायला लागले, की नेमक्या त्याच घटकेला विजेचा अगदी बारीक स्पर्श देते. मेंदूला खूण पटते, की पाऊल बरोबर पडलं. पुन्हा पुन्हा तसं झालं, की नवी पायवाट पडते."

"आणि चुकीचं पाऊल पडलं तर?"

"तर टोपी गप्प बसते."

"म्हणजे माझ्यापेक्षा शहाणी आहे," मी म्हटलं.

टोपी घरी आली तेव्हा वाडी बघायला जमली. नीलाक्षी अजून तारा जोडतच होती, एवढ्यात ह्यांनी आपणहून कपाटाकडे बोट केलं. सदफने कुराणशरीफ काढून रेहलवर, त्या लाकडी घडवंचीवर, ठेवलं. ह्यांनी यासीनची सुरा उघडली, ओळीवर बोट ठेवलं आणि वाचायला लागले. आवाज तोच, काळजाचा ठाव घेणारा. बोट उजवीकडून डावीकडे सरकतंय, कुठे अडखळ नाही. मुनाफ रडायला लागला. मी खजूर आणायला माणूस पिटाळला आणि घरोघर निरोप दिला, की आमच्या ह्यांना वाचता आलं, तेसुद्धा टोपी डोक्यावर बसायच्या आधी!

सगळे गेल्यावर नीलाक्षी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "आजी, आजोबांनी मध्ये दोन पानं एकदम उलटली. पण पाठ कुठे तुटला नाही."

माझ्या अंगाची आग झाली. "तू माझ्या नवऱ्याला खोटारडा म्हणतेस?"

"नाही हो, बाप्पा! ते खोटं कुठे बोलले? त्यांना स्वतःलाही वाचल्यासारखंच वाटलं असेल. लहानपणापासून पाठ केलेलं, दुवा, गाणी, अंक, शिव्यासुद्धा, मेंदू वेगळ्या जागी ठेवतो. त्या जागेला धक्का लागलेला नाही. आनंदाचीच गोष्ट आहे ही. पण ते वाचन नाही."

खजूर वाटून झाले होते, परत कसे मागायचे? अल्लाचं कलाम ह्यांच्या ओठांवर शाबूत राहिलं, ह्याचे मी मनातून शुकर मानले. पण वाडीत दोन दिवसांत कुजबूज झाली, की सारंगांच्या बायकोने पाठांतराची मिठाई वाटली. ते शब्द मी गाठीशी बांधून ठेवले.

मग खरा प्रश्न आला. टोपीला शिकवायला भाषा कुठली द्यायची?

आम्ही सगळे पडवीत बसलो होतो. हे झोपाळ्यावर. मुनाफ म्हणाला, "ह्यात विचारायचं काय? मराठी. औषधाच्या बाटल्या मराठीत, बँक मराठीत, पेपर मराठीत. उर्दू बाबांना कधी लागते? लग्नातच ना?"

नीलाक्षीने नकारार्थी मान हलवली. "एकाच वेळी दोन्ही दिल्या तर मेंदूत गर्दी होते, एकही वाट पक्की पडत नाही. मला वाटतं, उर्दू द्यावी. मराठी आपण डावीकडून उजवीकडे वाचतो. पुढचं अक्षर कायम उजवीकडून येतं, आणि आजोबांना उजवीकडे अंधार आहे. उर्दू डावीकडे जाते. तिथे त्यांना उजेड आहे."

"आणि मराठी?" मी विचारलं.

"कमजोर भाषा घोटून घेतली की कधी कधी पक्की भाषा आपोआप वर येते. कारण कमजोर भाषेला पक्कीचा आधार घ्यावाच लागतो, दोघी एकत्र जाग्या होतात. उलट क्वचित होतं. पण खात्री नाही, आजी. कधी एक भाषा वर येते आणि दुसरीला आणखी खाली दाबते."

म्हणजे उर्दू येईल आणि मराठी कायमची जाईल, असंही होऊ शकत होतं. कुणाला माझ्या छातीतलं कळलं नसेल. मला उर्दूचं अलिफसुद्धा येत नाही. हे जहाजावर असताना माझ्यासाठी ठळक मराठी अक्षरात पत्रं लिहायचे, जोडाक्षरं टाळून, मला वाचता यावीत म्हणून. आमच्या दोघांमधली लिहिण्या-वाचण्याची जी काय जागा होती ती मराठीतच होती. उर्दू आली तर हा माणूस परत येईल, पण माझ्या नजरेपलीकडच्या किनाऱ्याला लागेल.

मी ह्यांच्याकडे वळले. "तुमचं डोकं आहे, तुम्ही सांगा."

ह्यांनी खूप वेळ ओठ हलवले. मग सदफला जवळ बोलावून तिच्या डोक्यावर डावा हात ठेवला आणि म्हणाले, "रुख… रुख…"

सदफ तिथेच खाली बसली आणि ह्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली. मुनाफ बोलायला तोंड उघडतोय तोच मी म्हटलं, "झालं. उर्दू."

पावसाळा गेला, थंडी पडली, आंब्याला मोहोर आला. रोज सकाळी पडवीत हे टोपी घालून बसायचे, समोर मशीनच्या पाटीवर उर्दू शब्द उमटायचा. नीलाक्षीलाही उर्दू येत नव्हती, चूक-बरोबर मशीन सांगायची. मी शेजारी लसूण सोलत बसायची. ह्या घरातली कुठलीही गोष्ट मला विचारल्याशिवाय बरोबर की चूक ठरली नव्हती, आणि इथे मी भिंतीसारखी. हे "कश्ती" म्हणायचे, "चिराग" म्हणायचे, टोपी बारीक घरघरायची, दोघं खूश.

एकदा मी म्हटलंच, "बघ गो नीलाक्षी. ह्या वयात माझ्या उरावर सवत आणून बसवलीस. आणि मीच तिला रोज चहा देते."

नीलाक्षी हसता हसता खोकली. हेसुद्धा हसले. बोट माझ्याकडे करून म्हणाले, "पहिली… पहिली." म्हणजे पहिली बायको तूच. पुष्कळ दिवसांनी ह्यांनी माझी थट्टा केली होती. मी आत जाऊन चहात जास्त साखर घातली.

पण भीती खरी होत होती. दाराशी संगमरवराची पाटी आहे, 'इसहाक – हलिमा', मराठीत, मीच बसवून घेतलेली. आधी हे तिच्यासमोर उभे राहून निदान 'ह' ओळखायचे. शिमग्याच्या सुमारास एकदा उभे राहिले, बोट फिरवलं, आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की ही रेघोट्यांची फरशी इथे कुणी लावली. माझं नाव होतं ते.

नीलाक्षीने मशीन तपासली. तिचा चेहरा उतरला. "मराठी मागे पडते आहे, आजी. म्हणाल तर इथे थांबवू. थोडं मराठी सुरू करू. मग लग्नापर्यंत उर्दू मात्र व्हायची नाही."

मी आयुष्यभर खाडी ओलांडली आहे. होडी मध्यावर आली की मागचा किनारा नि पुढचा किनारा सारखाच लांब असतो, आणि तिथे उभं राहून आरडाओरडा करणाराच होडी उलटवतो. "वल्हव," मी म्हटलं. "पुढेच."

आता रुखसती लिहायची कुणी? ह्यांना वाचता येत होतं, रचता येत नव्हतं. मी उर्दू शाळेच्या हमदुले मास्तरांना बोलावलं. हे तेव्हा दवाखान्यात गेले होते. मी माझ्या कोकणीत सांगितलं, मास्तर उर्दूत उतरवत गेले. मी सांगितलं, पोरी, हा उंबरठा तुझी वाट अडवायचा नाही, केव्हाही ये, विचारून ये असं म्हणणारा इथे कुणी जन्मला नाही. मास्तरांनी वाचून दाखवलं, "बेटी, ये दहलीज तेरा रास्ता रोकेगी नहीं."

"माझा उंबरठा कुठे गेला?" मी विचारलं.

"भाभी, उर्दूत त्यालाच दहलीज म्हणतात."

"माझ्या दाराला दहलीज नाही, मास्तर. उंबरठा आहे. मी रोज पुसते तो."

मास्तर हसले, पण दहलीजच ठेवली. शेराला तोच शब्द बसतो म्हणे. मी कागद पाकिटात घालून लाखेने बंद करवला आणि वाडीत सांगून टाकलं, ह्या वेळी पाठांतर नाही. पाकीट मंडपात फुटेल आणि आमचे हे ते तिथेच पहिल्यांदा बघतील.

नीलाक्षी घाबरली. "आजी, एवढी पैज कायले लावता? चुकले तर?"

"चुकले तर मी आहे ना तोंडाची," मी म्हटलं. इज्जत ह्यांची होती, डावावर लावणारी मी.

निकाह झाला, जेवणं उठली, निघायची वेळ झाली. सदफ मंडपाच्या कडेला, माझ्या शेजारी. हे उभे राहिले. तारांची टोपी त्यांनी स्वतः काढली, नीलाक्षीच्या हातात दिली आणि खिशातून आपली पांढरी टोपी काढून घातली. मुनाफने पाकीट फोडलं.

हे वाचायला लागले. पूर्वीचा वाहता आवाज नव्हता. एकेक शब्द विहिरीतून कळशी ओढावी तसा वर येत होता, पण येत होता, आणि भरलेला येत होता. बायकांचे पदर वर गेले. पहिला शेर झाला, दुसरा झाला. मग "बेटी, ये…" आणि थांबले.

ह्यांचं बोट एका शब्दावर. कपाळावर घाम. नवऱ्याकडची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. तो शब्द कुठला ते मला ठाऊक होतं. उर्दू येत नसली तरी माझीच ओळ होती ती! नुसते ओठ हलवले असते तरी ह्यांनी उचलला असता. ह्यांनी माझ्याकडे बघितलंही. आणि मी, हलिमा बुरोंडकर, जिने आजवर कुणाचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही, तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि मान खाली घातली.

"बेटी, ये…" ह्यांनी श्वास घेतला. "ये उंबरठा… तेरा रास्ता रोकेगा नहीं."

नवऱ्याकडे खसखस पिकली. हमदुले मास्तर पुढे झाले, "दहलीज, सारंग, दहलीज!" मुनाफने डोळे मिटून घेतले. आणि नीलाक्षी? ती बायकांतून धडपडत माझ्याकडे आली, त्या तारांच्या टोपीसकट मला मिठी मारली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली.

"अगो, रडतेस काय? चुकले ना ते?"

"आजी, ही चूक पाठ करणारा माणूस करूच शकत नाही! पाठांतरात शब्द जसाचा तसा येतो. आजोबांनी उर्दू अक्षरं वाचली, त्यांचा अर्थ आत पोचला, आणि बाहेर येताना तो मराठीच्या दाराने आला. मराठी मेलेली नाही, आजी! उर्दू तिच्याच आधाराने चालते आहे."

तिला एवढंच कळलं होतं. मला आणखी एक कळलं होतं, ते मी तिला तेव्हा सांगितलं नाही. मी काय सांगितलं होतं ते ह्यांना ठाऊक नव्हतं. मास्तरांनी माझा उंबरठा उचलून त्या जागी दहलीज बसवली होती, आणि ह्यांनी ती वाचून माझा उंबरठा परत माझ्या दाराला आणून लावला होता. मी तोंडातला पदर काढला आणि उठून उभी राहिले.

"मास्तर, बसा खाली! बरोबर वाचलंय ह्यांनी. आमच्या दाराला उंबरठाच आहे."

मंडप हसला, ह्या वेळी मोकळा. ह्यांनी उरलेले शेर पुरे केले. सदफ जाताना दादाच्या छातीला लागून म्हणाली, "उंबरठाच छान आहे, दादा." आणि खरंच तो अडवत नाही, पंधरवड्यातून एकदा येतेच.

मराठी लगेच आली नाही. लग्नानंतर नीलाक्षीने टोपीला मराठी दिली, मान किंचित वळवून उजवीकडचा अंधार टाळायला शिकवलं. दाराच्या पाटीवरचं माझं नाव ह्यांनी वाचलं त्या दिवशी मी खजूर वाटले नाहीत. एक चांगलं सरंगा मासळीचं कालवण केलं आणि नीलाक्षीला बोलावलं. ती नाक न दाबता जेवली, वर भात मागून घेतला. आता तिची दुसऱ्या तालुक्यात बदली झाली आहे. टोपी मात्र आमच्याकडेच ठेवून गेली. मी नीलाक्षीसाठी दर नमाजात दुवा मागते. नाव घेऊन मागते, म्हणजे वर गोंधळ नको.

परवा सकाळी चहा घेऊन पडवीत आले तर पेपर ह्यांच्या हातात. म्हणाले, "बस. आज मी."

मी बसले. हे मान जरा तिरकी धरून वाचायला लागले, सावकाश, शब्द शब्द चाचपत. "सरकारने… खाडीच्या… बंदरासाठी…" आणि पुढे भलंमोठं जोडाक्षर आलं. हे थांबले. मी पदराकडे हात नेला. ह्यांनी पेपरावरून माझ्याकडे बघितलं, डोळे बारीक केले, आणि म्हणाले,

"…कायतरी… योजना आणली."

"अहो!" मी ओरडले. "हे तुम्हाला टोपीने नाही शिकवलं. हे माझ्याकडनं उचललंत."

हे इतके हसले की चहा पेपरावर सांडला. उजव्या बाजूवर. मी म्हटलं, राहू दे, उरलेलं वाचा.